मुख्यालयी राहतात, सबब

अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्पपेपरवर:
घरमालक सुपडाबाई भटू बोरसे, म्हणजे मी.
भाडेकरू निंबा आधार खैरनार, केंद्रप्रमुख.
खोली एक, दार पूर्वेला, नळ सामाईक.
भाडं साहेब देत नाहीत, मी मागत नाही.
भाडं सरकार देतं, तेही साहेबांना.

खोलीत कांद्याचं बी आहे, फवारणीचा पंप,
आणि एक खाट, जिच्यावर मांजर दोनदा व्यालं.
साहेब धुळ्याला, देवपुरात राहतात.
सकाळच्या पिंपळनेर गाडीनं येतात,
दुपार कलली की घड्याळ बघतात.
माणूस वाईट नाही.
माझ्या दीपालीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनी दोनदा भरला,
पहिल्यांदा कुणीतरी मला सुभद्राबाई केलं होतं म्हणून.

ग्रामसभा. ठराव क्रमांक सात:
सदर कर्मचारी मुख्यालयी राहतात, सबब दाखला देण्यात यावा.
सूचक हिलाल पाटील, अनुमोदक मी.
सबब हा शब्द मला तेव्हापासून आवडतो.
त्याच्या अलीकडे काहीही ठेवा,
पलीकडे सही असते.

फेब्रुवारीत कुणीतरी वर अर्ज केला.
पथक निघालं. साहेबांचा फोन, "ताई, खोली जरा..."
राहतं घर कसं दिसतं ते मला विचारा.
बी हलवलं. दोरीवर टॉवेल टाकला, ओला करून.
खिडकीत दाढीचा ब्रश, शेजारी झिजलेला साबण, माझाच.
कोऱ्या साबणावर कुणाचा विश्वास बसत नाही.
एकट्या माणसाचं पातेलं बुडाला काळं असतं,
ते हिलालच्या घरून आणलं.
उशी दाबून डोक्याएवढा खड्डा पाडला
आणि मलाच वाटलं, कुणीतरी आत्ता उठून
पाणी भरायला गेलंय.

पथकानं उशी पाहिली नाही.
ओट्यावर बसलेल्या दीपालीला विचारलं.
ती म्हणाली, "आठेच ऱ्हातस."
पाचवीतली पोर, गणितात पैकीच्या पैकी.

रात्री भाकरी थापताना तिनं विचारलं,
साहेब आपल्या घरात राहतात
तर श्रावणात त्यांना कानबाईचा रोट द्यायचा का.
रोट घरातच खायचा असतो.
सुरतेला गेलेले दीर त्यासाठी रातोरात येतात.
मी म्हटलं, नाही.
"मंग त्या कोठे ऱ्हातस?"
भाकरी करपली.

कार्तिकात करार संपला.
साहेब नवा स्टॅम्प घेऊन आले, सोबत पेढे.
मी किल्ली पुढे केली.
म्हटलं, एक रात्र राहा, मग अंगठा माग, सही माग.
ते हसले. मी हसले नाही.
संध्याकाळची गाडी त्यांच्यासमोरून गेली.

त्यांना दिव्याचं बटण सापडेना.
नऊ महिन्यांपूर्वी सरकारला सांगितलेल्या घरात
दीपालीनं त्यांना बटण दाखवलं.
कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला, जेवले.
मांजर दाराशी बसून राहिलं, खाट आपली म्हणून.

तीन वाजता शाळेमागे ट्रक लागला.
इंजिन बंद नाही, दिवे बंद.
भांडी, कोंबड्या, गोधड्या, आणि गोधड्यांत पोरं.
साहेब बनियनवरच धावले.
पोचले तेव्हा ट्रक गुजरातच्या रस्त्याला लागलेला.
माघारी येऊन पायरीवर बसले, बोटांवर मोजत:
राजू, सुनी, तिचा भाऊ, पायाला पट्टी असलेला तो...
पटावर हजर. उद्याही हजर लागले असते.

"असं दरवर्षी?"
दरवर्षी, याच पंधरवड्यात.
"मला कुणी सांगितलं नाही."
रात्री सांगायला, मी म्हटलं,
रात्री कुणी असावं लागतं.

दिवसभर ते फोनवर होते. एका साखर कारखान्याचा नंबर
तिघांना मागितला, चौथ्यानं दिला.
मग संध्याकाळची गाडी पकडून धुळ्याला गेले.

ठराव उद्या आहे. मी हात वर करीन की नाही,
हिलालनं दोनदा विचारलं.
कांद्याचं बी अजून पडवीत पडलंय, आत ठेवायचं तर
खोलीला कुलूप आहे.
किल्ली त्यांच्याकडेच राहिली.
विसरले असतील.